हुकूम सरकारचा, पगार कोणाचा?

महोदय,

केंद्र सरकारच्या ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजने’त १ ऑगस्ट २०२५ पासून नवा कामगार नेमणाऱ्या आस्थापनेला माणशी दरमहा तीन हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन रक्कम देण्याची तरतूद आहे. कामगारांची संख्या भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक विवरणपत्रावरून मोजली जाते. मालकाची रक्कम त्याच्या पॅनशी जोडलेल्या खात्यात आणि पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याची रक्कम आधारमार्फत थेट त्याच्या खात्यात जमा होते. या योजनेचे गुणदोष हा माझा विषय नाही. पगाराला हातभार लावण्याची यंत्रणा सरकारजवळ आहे, एवढे मात्र तिच्यावरून दिसते. मग साथरोगाच्या काळात सरकारच्याच हुकमाने कारखाना किंवा दुकान बंद ठेवावे लागते तेव्हा आहे ती नोकरी टिकवण्यासाठी हीच वाट का वापरू नये, आणि तसा कायदा पुढची साथ येण्यापूर्वीच का करून ठेवू नये, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भोसरी आणि धायरी भागातल्या लहान कारखान्यांची पगारपत्रके तयार करणे आणि त्यांची पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांची चलने भरणे हा माझा व्यवसाय आहे. राज्यातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले आणि त्यानंतर पंधरवड्यात देश बंद झाला. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला, की बंदच्या काळात कामगारांचा पगार कोणतीही कपात न करता ठरल्या तारखेला द्यावा. ३१ मार्चला राज्य सरकारनेही तसाच शासन निर्णय काढला. आदेशामागचा हेतू योग्यच होता. परंतु पगार द्या असे सांगणाऱ्या सरकारने त्या पगारातला एक रुपयाही उचलला नाही, आणि ज्याच्या गल्ल्यात पैसा नाही त्याने तो कोठून आणावा याचे उत्तर आदेशात नव्हते.

लहान जॉबवर्क करणाऱ्याचा पैसा बँकेत नसतो, तो मोठ्या कंपनीकडच्या बिलांत अडकलेला असतो. साठ ते नव्वद दिवसांनी सुटणारी ही बिले कंपनीचे कार्यालयच बंद झाल्यावर कोण पास करणार? माझ्या ओळखीच्या बहुतेक मालकांनी मार्चचा पगार ओव्हरड्राफ्टमधून कसाबसा केला, कारण ते काम झालेले होते. एप्रिलचे मस्टर भरताना मात्र पेच पडला. कोणी निम्मा पगार दिला, कोणी ‘उचल’ म्हणून पाच हजार दिले, तर कोणी फोन घेणेच थांबवले. पुढे १८ मेपासून केंद्राने तो आदेश मागे घेतला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने, मालकांवर सक्तीची कारवाई न करता दोन्ही बाजूंनी वाटाघाटीने प्रश्न मिटवावा, असे अंतरिम आदेशात सांगितले. खोलीचे भाडे थकलेल्या आणि गावी निघून गेलेल्या हेल्परने कोणत्या बळावर वाटाघाटी करायच्या होत्या, हे मला अजून उमगलेले नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही. पंतप्रधान गरीब कल्याण योजनेत मालक आणि कामगार या दोघांचाही पीएफचा हिस्सा, म्हणजे एकूण २४ टक्के, मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने केंद्राने भरला. पण हा हातभार केवढा होता तेही पाहावे. बारा हजार रुपये वेतनावर ही रक्कम होते २,८८० रुपये. त्यातले १,४४० रुपये कामगाराच्या हाती कपात न झाल्यामुळे जास्त पडतात आणि तितकेच मालकाचे वाचतात. मूळ बारा हजार मात्र मालकानेच उभे करायचे, आणि कारखाना बंद असताना तेच तर जमत नव्हते.

शिवाय अटी होत्या. कामगारांची संख्या शंभरपर्यंतच हवी आणि त्यांतले किमान ९० टक्के दरमहा १५ हजारांपेक्षा कमी वेतनाचे हवेत. पुण्यातल्या एखाद्या अठरा कामगारांच्या वर्कशॉपला ही अट लावून पाहा. पंधरा हेल्पर आणि शिकाऊ कामगार अकरा-बारा हजारांवर, तर व्हीएमसी हे संगणकचालित यंत्र चालवणारे दोन ऑपरेटर आणि यंत्राची जुळणी करणारा एक सेटर सतरा-अठरा हजारांवर. अनुभवी ऑपरेटर त्याहून कमी पगारावर येथे टिकतच नाही. पंधरा भागिले अठरा, म्हणजे ८३ टक्के. झाले, अख्खे वर्कशॉप अपात्र! त्या तिघांना वगळून उरलेल्या पंधरांचा हिस्सा सरकारने भरायला काय हरकत होती? उलट, ज्याने एकही कुशल माणूस ठेवला नाही, तो मालक अलगद पात्र ठरला. ही अट लिहिणाऱ्याने कारखान्याची पगारपत्रके चाळली असती, तर ९० टक्क्यांचा आकडा त्याच्या हातून उतरला नसता.

उरलेली मदत कर्जाच्या रूपात होती. हमी असलेल्या विनातारण कर्जाच्या तीन लाख कोटींच्या योजनेने अनेक उद्योग तगले, हे नाकारता येणार नाही. तरीही न झालेल्या कामाच्या पगारासाठी कर्ज काढायचे आणि ते पुढची चार वर्षे झालेल्या कामातून फेडायचे, हे ओझे बंदचा निर्णय ज्याने घेतलाच नव्हता त्याच्या डोक्यावर आले. ईएसआयच्या ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’तला भत्ता सरासरी वेतनाच्या २५ वरून ५० टक्के केला गेला, तोही नव्वद दिवसांपर्यंत. मात्र तो नोकरी गेल्यानंतर मिळणारा भत्ता आहे. औद्योगिक विवाद कायद्यातली ले-ऑफची, म्हणजे काम नसल्याने कामगाराला तात्पुरते घरी बसवल्याची, अर्धपगारी भरपाई पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना लागूच नव्हती आणि जिथे लागू होती तिथेही ती द्यायची मालकानेच. थोडक्यात, नोकरी तुटल्यावर थोडे आणि नवी दिल्यावर थोडे मिळते. आहे ती सांभाळणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही.

इतर देशांनी नेमकी हीच जागा भरली. ब्रिटनने काम थांबलेल्या कामगाराच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, मालकामार्फत दिला आणि योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालवली. जर्मनीत कमी झालेल्या कामाच्या तासांपोटी बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के, भाग देण्याची तरतूद कायद्यात कित्येक वर्षांपासून आहे. २०२० मध्ये त्यांना फक्त तिच्या अटी सैल कराव्या लागल्या. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मला सिंगापूरचे वाटते. तिथे मालकाला अर्जही करावा लागला नाही. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीत त्याने जो भरणा केला होता, त्याच नोंदीवरून सरकारने पगाराचा आपला हिस्सा काढला आणि तो त्याच्या खात्यावर पाठवला. आपल्याकडेही दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत प्रत्येक पीएफधारक कामगाराचे नाव, यूएएन (त्याचा कायमचा पीएफ क्रमांक) आणि वेतन सरकारच्या संगणकावर जाते. एप्रिल २०२० मध्येही ही माहिती सरकारच्या हाताशी होती.

यावर आक्षेप येईल, की ते श्रीमंत देश, त्यांना परवडते. ८० टक्के आपल्याला परवडणार नाहीत हे मान्य, पण तेवढे कोणी मागतही नाही. बंदच्या काळात कामगाराला पगाराच्या ७५ टक्के मिळावेत, त्यांतले ५० टक्के सरकारने आणि २५ टक्के मालकाने द्यावेत, उरलेल्या २५ टक्क्यांची झळ कामगाराने सोसावी, आणि हे सारे ईएसआयच्या २१ हजारांच्या वेतनमर्यादेपर्यंतच लागू असावे, असे माझे म्हणणे आहे. मालकाचा हिस्सा मुद्दाम ठेवला आहे, म्हणजे फुकटच्या पैशासाठी कारखाना बंद ठेवण्याचा मोह होणार नाही.

पैसा कोठून आणायचा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच दिले आहे. १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. आपल्या पगाराच्या चिठ्ठीत ‘पीटी’ म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हा कर. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा, हे तत्त्व रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांच्या पिढीने नुसते मांडले नाही, तर कायद्यात उतरवले. दुष्काळात हाताला काम देता येते. साथीत तेही देता येत नाही, कारण कामावर येण्यालाच बंदी असते. अशा वेळी त्याच कराच्या उत्पन्नातला एक भाग, तो वर्षानुवर्षे भरणाऱ्या कामगाराच्या पगारासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? या करातून सगळा खर्च भागणार नाही आणि केंद्राला हात सैल करावाच लागेल. पण राज्याने आपला वाटा आधी ठेवला, तर केंद्राकडे मागायला तोंड राहते.

कायदा आधीच का हवा, याचे उदाहरण आपल्याच शहरातले आहे. देशव्यापी बंद उठल्यावर १३ जुलै २०२० च्या मध्यरात्रीपासून २३ जुलैपर्यंत पुणे, पिंपरी-चिंचवड आणि लगतच्या गावांत पुन्हा टाळेबंदी झाली. पहिले पाच दिवस तर दूध आणि औषधे वगळता जवळजवळ सगळे बंद होते. तोपर्यंत पगाराचा केंद्रीय आदेश संपलेला होता, त्यामुळे त्या दहा दिवसांचे वेतन कोणी द्यायचे हे कोणत्याही कागदावर नव्हते. दुकानांतल्या नोकरांचे दहा दिवस ‘बिनपगारी’ म्हणून लागले. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने ५,४७६ कोटींचे साहाय्य जाहीर केले. त्यात परवानाधारक रिक्षाचालक, फेरीवाले, बांधकाम कामगार आणि नोंदणीकृत घरेलू कामगारांसाठी दीड-दीड हजार रुपये होते. कापड दुकानातला सेल्समन, केशकर्तनालयातला कारागीर आणि हॉटेलातला वेटर मात्र पगारदार असल्यामुळे त्या यादीत कोठेच नव्हते.

पुढचे संकट देशव्यापीच असेल असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये गुईलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्ता, किरकटवाडी आणि नांदेड गाव या पट्ट्यात एकवटले होते. तेव्हा बंदची वेळ आली नाही, हे सुदैव. पण एखाद्या प्रभागापुरता किंवा तालुक्यापुरता बंद करावा लागला, तर दिल्लीच्या घोषणेची वाट पाहणे निरुपयोगी आहे. म्हणून साथरोग कायद्याखाली जो अधिकारी बंदचा आदेश काढील, त्याच्या आदेशातच क्षेत्र आणि मुदत लिहिलेली असावी आणि त्या क्षेत्रातल्या आस्थापनांना वेतनसाहाय्य आपोआप लागू व्हावे. १८९७ च्या या कायद्यात सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टकचेरीपासून संरक्षण देणारे कलम पहिल्यापासून आहे. त्याच्या हुकमाने ज्याचा रोज बुडतो त्याच्यासाठी कलम नाही.

गैरवापराची शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियात उलाढाल प्रत्यक्षात न घटलेल्या कंपन्यांनाही वेतन अनुदान मिळाल्यामुळे मोठी टीका झाली. न्यूझीलंडने मात्र अनुदान घेणाऱ्या मालकांची नावे कोणालाही शोधता येतील अशी खुली ठेवली. आपल्याकडे हे सोपे आहे. जीएसटीच्या विवरणपत्रांवरून उलाढाल ताडून पाहता येते आणि सरकारचा हिस्सा मालकाच्या खात्यात न टाकता यूएएनशी जोडलेल्या कामगाराच्या खात्यात थेट टाकता येतो.

खरी अडचण कंत्राटी कामगारांची आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत काम करणारी शेकडो मुले ठेकेदाराच्या मस्टरवर असतात, आणि साथीच्या पहिल्याच आठवड्यात हजेरीपटावरून गळतात तीही त्यांचीच नावे. त्यामुळे बंदच्या आदेशाआधीच्या महिन्यात ज्यांच्या नावे पीएफ भरला गेला, तीच यादी ग्राह्य धरावी. ठेकेदाराने नाव कमी केले तरी मूळ कंपनीच्या पीएफ सांकेतिक क्रमांकाखाली त्या कामगाराचे साहाय्य चालू राहावे, आणि मालकाचा २५ टक्के हिस्सा मूळ कंपनीकडून वसूल व्हावा. ज्यांचा पीएफच भरला जात नाही त्यांच्यासाठी दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी आणि बँकेतून झालेला किमान तीन महिन्यांचा पगार हा पुरावा पुरेसा मानावा. रोखीने पगार देणाऱ्या मालकांना त्यात स्थान नसेल, याची जाणीव त्यांच्या कामगारांनाही आजच करून दिलेली बरी.

आपला,
एक वाचक,
सिंहगड रस्ता, पुणे