आरामखुर्चीच्या हाताविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

खुर्चीच्या मोडक्या हाताची तू पाठवलेली छायाचित्रे नीट पाहिली. नवा हात अखंड सागवानातून कोरून काढावा, हे तुझ्या सुताराचे म्हणणे कृपा करून मान्य करू नकोस. कोरलेल्या वळणावर लाकडाच्या तंतूंच्या रेषा मध्येच तुटतात, आणि उठताना आपण ज्या ठिकाणी भार देतो, तेथेच असा हात तडकतो. तुझा मूळ हात पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून वाकवलेला आहे. प्लायवूडमध्ये थरांच्या रेषा आलटून पालटून उभ्या-आडव्या असतात, तसे येथे नाही, सगळ्या रेषा वळणाबरोबर लांबीनेच जातात. दुरुस्तीही त्याच रीतीने व्हावी.

वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या करणाऱ्या मिखाएल थोनेट या कारागिराने जर्मनीतील बोपार्ड येथे १८३०च्या दशकात आरंभ केला तो अशाच चिकटवलेल्या पट्ट्यांनी. परंतु त्या काळचा सरस दमट हवेत सुटत असे, आणि पुढे तो बीच नावाच्या झाडाच्या अखंड काठ्या वाफवून वाकवण्याकडे वळला. इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. तुझ्याकडे मात्र वाफेचा खटाटोप नको. वाफवलेले लाकूड दाबले तर पुष्कळ दबते, पण ताणले तर फारच थोडे ताणते, म्हणून बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आवळावी लागते. शिवाय भट्टीत वाळवलेले लाकूड वाफेलाही नीट दाद देत नाही.

एकाच फळीतून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून घे, त्यांचा क्रम मोडू नकोस आणि रुंदी थोडी जास्त ठेव, म्हणजे शेवटी रंधा मारायला जागा राहील. कोरडी पट्टी साच्यावर, म्हणजे खुर्चीच्या हाताच्या वळणाचा जो ठोकळा करायचा त्यावर, वाकवून पाहा. ती कुरकुरली तर आणखी पातळ कर. साच्याला पॅकिंग टेप लाव, नाहीतर खुर्चीचा नवा हात साच्यालाच चिकटून बसेल. पांढरा पीव्हीए गोंद येथे मला पसंत नाही, कारण सततच्या ताणाखाली तो सावकाश सरकतो आणि वळण उघडत जाते. इपॉक्सी किंवा भुकटीतून कालवायचा युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद घे. सागवान तेलकट असते, म्हणून गोंद लावण्याच्या जरा आधी पट्ट्या अ‍ॅसिटोनने पुसून घे. क्लॅम्प (आवळायचे शिकंजे) मध्यापासून टोकांकडे आवळत ने आणि पूर्ण दिवस हात लावू नकोस. सोडल्यावर वळण किंचित उघडेलच. पट्ट्या जितक्या अधिक, तितकी ही उसळी कमी, तरी साचा थोडा जास्त वळणाचा करावा. जुन्या टोकाशी सांधताना उतार एकास आठ तरी असू दे, म्हणजे तिरपा काप जाडीच्या आठपट लांब.

साच्यासाठी माप शोधत बसू नकोस, दुसरा हात शाबूत आहे. तो पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आखून घे आणि तो पुठ्ठा मला पाठव. साचा मी येथे कापून देतो.

तुझा,
विनायक