सीएनसी प्लाझ्मा टेबल दिलं, शिकवणं राहिलं

दि. १८ नोव्हेंबर २०२५
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

विषय: सीएनसी प्लाझ्मा कटिंग टेबलसोबत ठरलेलं दोन दिवसांचं प्रशिक्षण न मिळाल्याबद्दल आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीबद्दल तक्रार.

महोदय,

२२ जुलै रोजी तुमच्या कंपनीचं पाच बाय दहा फुटी सीएनसी प्लाझ्मा टेबल माझ्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये उतरलं. संगणकातल्या फाइलप्रमाणे टॉर्च (कापणारं तोंड) फिरवून, वीज आणि दाबाच्या हवेच्या तापलेल्या झोताने, म्हणजे प्लाझ्माने, प्लेट कापणारं हे मशीन. आता चार महिने होत आले. मशीन बंद पडलेलं नाही, हे आधीच सांगतो. टॉर्च वाहून नेणारी आडवी चौकट, म्हणजे गँट्री, सरळ चालते, ती ज्या दातेरी पट्टीवर धावते त्या रॅकला खेळ नाही, मोटारींचा आवाजसुद्धा बदललेला नाही. माझी तक्रार लोखंडाबद्दल नाही. कोटेशनमध्ये 'दोन दिवस प्रत्यक्ष प्रशिक्षण' लिहिलं होतं, बिलात 'इन्स्टॉलेशन व ट्रेनिंग' म्हणून २५,००० रुपये वेगळे लावले होते आणि ते मी आगाऊ भरले. तुमचा इंजिनिअर प्रत्यक्षात तीन तास थांबला.

मी सातपूरच्या आयटीआयमधून वेल्डर झालो. बावीस वर्षं गेट, ग्रिल, शेड आणि द्राक्षबागेचे अँगल बनवतो आहे. गॅस कटर हातात असला की प्लेटच्या रंगावरून मला कळतं, ज्योत पुढे न्यायची की थांबायचं. सीएनसी मात्र मला नवीन होतं. माझ्या मुलीने मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे, ती ड्रॉइंग काढते. तिच्या भरवशावरच मी कर्ज काढलं. तुमच्या सेल्समनला दोनदा विचारलं होतं, 'आम्हाला यातलं काही येत नाही, नीट शिकवाल ना?' तो म्हणाला होता, 'काका, चौथी पास पोरगाही चालवतो.' त्या शब्दावर मी सही केली.

इंजिनिअर आला तो दुपारी दोनला. टेबल जोडलं, केबल लावल्या, पेनड्राइव्हमधून तयार फाइल घातली आणि सहा मिमीच्या प्लेटवर एक गणपती कापून दाखवला. सुरेख कापला, खोटं का बोला. मुलीने वही उघडली, वेग किती ठेवला, करंट किती, उंची किती हे विचारायला लागली. त्यावर तो म्हणाला, 'मॅडम, सगळं सेट करून दिलंय, फक्त स्टार्ट दाबायचं.' पाच वाजता त्याची मनमाडची गाडी होती. 'प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण' असं छापलेला कागद पुढे केला. मशीन चालताना दिसत होतं, म्हणून मी सही केली. त्या सहीवर बोट ठेवून तुमच्या कार्यालयाने माझे दोन मेल परत पाठवले आहेत. म्हणून तीन तासांत काय राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहितो.

ऑगस्टच्या शेवटी पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या शेडचं काम मिळालं. बारा मिमीच्या ६४ बेस प्लेट, प्रत्येकीला १८ मिमीची चार भोकं, त्यातून १६ मिमीचे फाउंडेशन बोल्ट जायचे. अशा कामासाठीच तर मशीन घेतलं होतं. पहिल्या २४ प्लेट एका दिवसात कापल्या. वरून बघितल्या तर झक्क. दुसऱ्या दिवशी बोल्ट घालून पाहिला, तो अर्ध्यात अडकला. व्हर्निअर लावलं: भोक वरून १८ मिमी आणि खालून साडेपंधरा. ९६ भोकं, सगळी खाली निमुळती.

तुमच्या सेवा क्रमांकावर फोन केला. उत्तर आलं, 'नोझल बदला.' टॉर्चच्या टोकाचं ते तांब्याचं तोंड बदललं, तसंच आलं. पुन्हा फोन केला तर म्हणाले, 'इलेक्ट्रोडपण बदला.' नोझलच्या आतला, जिथून आर्क (विजेची ज्योत) निघते तो इलेक्ट्रोडही बदलला, फरक शून्य. तोवर भोकं ड्रिलने मोठी करू म्हणून रेडियल ड्रिलवाल्याकडे प्लेट नेल्या. त्याचे दोन बिट कडेलाच जळाले आणि तो माझ्यावर ओरडला. हवेवर चालणारा प्लाझ्मा कापलेल्या कडेत नायट्रोजन मुरवतो, कड कडक होते आणि साधा बिट तिथे टिकत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पुढे तीच कड न घासता वेल्ड केली तर वेल्डमध्ये पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढी छिद्रं, दिसायला लागली. बावीस वर्षांच्या वेल्डरला स्वतःच्या वेल्डमध्ये पिनहोल बघताना काय वाटतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. कड ग्राइंडरने हलकी घासून मगच वेल्ड करा, एवढं एक वाक्य तुमचा माणूस जाता जाता बोलला असता तरी पुरलं असतं.

भोकांचं कोडं शेवटी मुलीने सोडवलं. रात्री टेबलाखालच्या पाण्यातून भोकांच्या पडलेल्या चकत्या ती गोळा करत होती. एक चकती तिने गुण्याला लावली आणि मला हाक मारली. चकतीची कड काटकोनात सरळ होती. आमच्या प्लेटची कड तिरकी आणि भंगारात जाणाऱ्या चकतीची सरळ! टॉर्चमधल्या स्वर्ल रिंगमुळे वायू गोल फिरत बाहेर येतो, म्हणून टॉर्च ज्या दिशेने जाते तिच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डावीकडची कलते. म्हणजे बाहेरची कड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कापायची आणि आतलं भोक उलट्या दिशेने. तुमच्या इंजिनिअरने सॉफ्टवेअरमध्ये जे सेटिंग करून दिलं होतं, त्यात भोकंही काट्याच्या दिशेनेच कापली जात होती. चांगली कड रोज भंगाराला आणि वाईट कड गिऱ्हाइकाला जात होती. दिशा बदलली, भोकाचा वेग सरळ कापाच्या साठ टक्क्यांवर आणला, भोकापुरतं उंचीचं नियंत्रण बंद ठेवलं आणि बोल्ट हाताने आत गेला. एका टिकमार्कची चूक होती. तिच्यापायी माझी दोनशे किलोहून जास्त प्लेट वाया गेली आणि पॅकहाऊसवाल्याला दिलेला शब्द आठ दिवस लांबला.

आता हवेबद्दल. विक्रीच्या वेळी तुमच्या माणसाने माझा जुना कॉम्प्रेसर बघितला आणि 'चालेल' म्हणाला. हवेतलं पाणी काढणारा ड्रायर लागतो, असं कोणी बोललं नाही. मशीन आलं तेव्हा ऐन पावसाळा होता, नाशिकची हवा त्या दिवसांत किती ओली असते ते वेगळं सांगायला नको. दिवसाला तीन-तीन इलेक्ट्रोड जायला लागले. झिजलेला एक इलेक्ट्रोड मी उजेडात धरून पाहिला. मधल्या बारीक हाफ्नियमच्या ठिपक्याजागी खड्डा पडला होता आणि भोवतीचं तांबं हिरवट काळं झालं होतं. तुमच्या दुकानातून चार महिन्यांत मी ३८,६०० रुपयांचे इलेक्ट्रोड आणि नोझल घेतले, बिलं माझ्याकडे आहेत. प्रत्येक वेळी तुमच्या लोकांनी माल पाठवला. एवढे इलेक्ट्रोड का लागतात, असं एकानेही विचारलं नाही.

कारणं दोन निघाली. एक पाणी. दुसरं, दाब. गेजवर सात बार दिसायचा, पण तो हवा बंद असताना. हवा वाहती ठेवून गेज बघितला तर काटा चारच्या खाली यायचा, कारण हवेचा पाइप, म्हणजे होज, आठ मिमीचा होता आणि कॉम्प्रेसरपासून लांब होता. मशीनला पाच बार वाहत्या हवेवर लागतात. आम्ही जाड होज टाकला, वॉटर सेपरेटर आणि ड्रायर बसवला आणि त्याच इलेक्ट्रोडवर आता दोन-दोन दिवस काम निघतं. गेज कधी बघायचा, हे शिकवायला किती वेळ लागला असता?

टॉर्चच्या उंचीचंही तसंच. उंची राखणारा कंट्रोलर आर्कच्या व्होल्टेजवर चालतो. टॉर्च प्लेटपासून दूर गेली की व्होल्टेज वाढतं, मग कंट्रोलर तिला खाली आणतो. इंजिनिअरने तिथे एकच आकडा भरून ठेवला होता, तीन मिमीला तोच आणि बारा मिमीला तोच. आणि इलेक्ट्रोड झिजला की व्होल्टेज आपोआप वाढतं. टॉर्च जागेवरच असते, पण कंट्रोलरला ती वर गेल्यासारखी वाटते आणि तो तिला खाली दाबत राहतो. सप्टेंबरमध्ये दोनदा टॉर्च प्लेटला घासली. एकदा नोझलपुढची संरक्षक शिल्ड वितळून तिला धरणाऱ्या कॅपला चिकटली, पक्कडीने काढावी लागली. कापाच्या सुरुवातीला प्लेट आरपार भेदताना (पिअर्स करताना) टॉर्च कापायच्या उंचीच्या साधारण दुप्पट वर हवी, नाहीतर उसळणारं वितळलेलं लोखंड सरळ नोझलवर बसतं, हेही आम्ही नोझल जाळून शिकलो. जाडीप्रमाणे करंट, वेग, उंची, पिअर्स डिले (प्लेट भेदली जाईपर्यंत टॉर्चने थांबायचा वेळ) आणि व्होल्टेज सांगणारा कट चार्ट मशीनसोबत यायला हवा होता. आमच्याकडे आला तो इंग्रजी पीडीएफ, आणि त्यातला चार्ट दुसऱ्याच टॉर्चचा होता.

एक गोष्ट मात्र मी पैशात मोजायला तयार नाही. तुमच्या ब्रोशरवर 'एमएस, एसएस, अ‍ॅल्युमिनियम', म्हणजे साधं लोखंड, स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम, असं ठळक छापलं आहे. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नेमप्लेटची ऑर्डर आली आणि मुलगी पाण्याच्या टेबलवर पत्रा ठेवून कापायला निघाली. शेजारच्या गाळ्यातले जुने फिटर नेमके चहाला आले होते, त्यांनी तिचा हात धरला. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात पडलं की हायड्रोजन तयार होतो, तो पत्र्याखाली साठतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होऊ शकतो. तुम्ही पाण्याचं टेबल विकता आणि त्याच कागदावर अ‍ॅल्युमिनियम लिहिता, तर हा इशारा मशीनवरच लाल अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत चिकटवलेला हवा. जस्ताचा पत्रा कापताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराबद्दलही कोणी काही सांगितलं नाही. माझा हेल्पर एका संध्याकाळी थंडी-ताप भरून घरी गेला. तेव्हापासून आमच्याकडे जस्ताचा पत्रा एक्झॉस्ट लावल्याशिवाय टेबलवर चढत नाही.

मुलीने या चार महिन्यांत एक दोनशे पानी वही भरली आहे. प्रत्येक जाडीला कापाचा एक तुकडा कापून, त्यावर खडूने आकडे लिहून, तुकडे तिने भिंतीशी ओळीने लावले आहेत. वेग कमी पडला की खाली वितळून गोठलेल्या लोखंडाचा जाड, फुगीर थर, म्हणजे स्लॅग, येतो आणि तो हातोडीच्या एका टोल्याने पडतो. वेग जास्त झाला की कडेला बारीक, घट्ट खरखरीत कंगोरा (बर्र) चिकटतो आणि तो ग्राइंडरशिवाय निघत नाही. तुकडा हातात घेऊन ती आता सांगू शकते, काय चुकलं. मला तिचा अभिमान आहे. पण हे ज्ञान मी तुमच्याकडून विकत घेतलं होतं आणि पुन्हा माझ्याच प्लेटच्या किमतीत ते मिळवलं. माझ्यानंतर याच वसाहतीत तुमची आणखी दोन टेबलं आल्याचं ऐकलं. त्या लोकांच्या घरात ड्रॉइंग समजणारी मुलगी असेलच असं नाही.

मला मशीन परत करायचं नाही. ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण द्या. दोन पूर्ण दिवस, ज्याने स्वतः रोज प्लाझ्मा कापला आहे असा माणूस पाठवा, मराठी किंवा हिंदी बोलणारा, आणि त्याने मुलीच्या प्रश्नांची उत्तरं तिला द्यावीत, माझ्याकडे बघून नाही. माझ्या टॉर्चचा खरा कट चार्ट आणि मराठीतलं माहितीपत्रक द्या. वाया गेलेल्या २४ प्लेटचे, दोन ड्रिल बिटचे आणि ओल्या हवेपायी जळालेल्या इलेक्ट्रोड-नोझलचे मिळून ४६,२०० रुपये होतात, ते द्या. हे तुम्हाला मान्य नसेल तर निदान प्रशिक्षणाचे २५,००० रुपये तरी परत करा, म्हणजे मी बाहेरून शिकवणारा आणीन.

तुमच्या कार्यालयातून मला फोनवर सांगण्यात आलं की धंद्यासाठी घेतलेल्या मशीनला ग्राहक कायदा लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठीच घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असं धरलं जात नाही. मी, माझी मुलगी आणि एक हेल्पर, एवढाच माझा कारखाना आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करण्याचा आणि मी जिथे राहतो त्या नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग मला माहीत आहे. पण मला कोर्टाच्या पायऱ्यांवर बसायचं नाही, टेबलवर काम करायचं आहे. जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू होतो, सिंहस्थाची कामं निघाली आहेत आणि बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला आहे.

या पत्रासोबत बिल, कोटेशन, इलेक्ट्रोड खरेदीच्या पावत्या आणि भोकांचे वरून-खालून घेतलेले फोटो जोडले आहेत. एक बेस प्लेट आणि तिच्यातून पडलेली चकती कुरिअरने वेगळी पाठवतो आहे. गुण्या लावून दोन्हीच्या कडा तुमच्या इंजिनिअरने एकदा स्वतः बघाव्यात. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं आणि प्रशिक्षणाची तारीख कळवावी. येण्याआधी फोन करावा, त्या दोन दिवसांत दुसरं कोणतंच काम मी टेबलवर घेणार नाही.

आपला,
प्रोप्रायटर, फॅब्रिकेशन वर्कशॉप
अंबड, नाशिक