न मोजताच लाल चिठ्ठी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत ऑनलाइन गेमवर पानभर लेख आला. पैसे लावून खेळायची अ‍ॅप, मारधाडीचे गेम आणि मी खेळतो तसले गेम लेखकाने एकाच पोत्यात भरले आणि यातल्या कशालाच डोकं लागत नाही म्हणून मोकळे झाले. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यातसुद्धा पैशांचे खेळ वेगळे आणि बाकीचे वेगळे धरले आहेत. पण माझी तक्रार कायद्याची नाही, तपासणीची आहे.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३१ वर्षं टूलरूम (हत्यारं आणि साचे बनवतात तो विभाग) तपासनीस होतो. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गो-नो गो गेज (माल मापात बसतो की नाही एवढंच सांगणारं) या मोजमापाच्या साधनांतच जन्म गेला. निवृत्त झालो आणि वर्षभरात लॉकडाऊन लागला. पाचपाखाडीच्या दोन खोल्यांत मी करणार काय? ऐरोलीच्या भाच्याने फोनवरून सांगत सांगत ड्रॅगनरिअल्म्स नावाचा गेम लावून दिला. सिम्युट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीचा, १९९६पासून चालू असलेला. जुन्या पद्धतीचा, सगळा इंग्रजी मजकुरावर चालणारा. समोर काय आहे ते वाचायचं, काय करायचं ते टाइप करायचं. पहिले काही दिवस बायको विचारायची, "एवढं कुणाला पत्र लिहिताय?"

या गेममध्ये तलवार हातात घेऊन 'अप्रेझ' असा हुकूम दिला की तिची पारख होते. मिळतात ते शब्द, आकडे नाहीत. भोसकण्याचा मार किती, कापण्याचा किती, ठेचण्याचा किती, असे तीन वेगळे शेरे. शिवाय तोल कसा आहे, आणि तुमच्या अंगातली ताकद हत्यारात उतरायला ते कितपत योग्य आहे. मारासाठी 'फेअर', 'मॉडरेट', 'हेवी', 'ग्रेट', 'सिव्हिअर' असे चढत जाणारे शब्द आहेत, मधे कुठे कुठे 'समव्हॉट'ची अर्धी पायरी. हे एकवेळ कळतं. तोलाच्या शब्दांनी मात्र मला घाम फोडला. 'फेअरली', 'डीसेंटली', 'रीझनेबली', 'साउंडली'. यातलं वरचं कुठलं, सांगा! मी डिक्शनरी काढली. तिच्या लेखी चारही म्हणजे बरं, ठीक, चालेल. एखादं स्थळ 'बरं आहे' आणि 'ठीक आहे' यातला फरक घरच्यांनाच कळतो, तसलाच हा प्रकार.

मग जुन्या खेळाडूंना विचारून विचारून कारखान्याच्या जुन्या डायरीत उतरंड मांडली. चौघांत फेअरली तळाला, त्यावर डीसेंटली, मग रीझनेबली, मग साउंडली. आणि 'वेल' हा एवढासा शब्द साउंडलीच्याही वर! हे कळेपर्यंत मी 'वेल बॅलन्स्ड' असलेली एक कट्यार मातीमोल भावात विकून बसलो होतो.

त्याहून मोठा फटका एका सहखेळाडूकडून बसला. त्याने विकायला काढलेल्या तलवारीचं वर्णनच तीन ओळींचं. माणकं जडवलेली मूठ, पात्यावर वेलबुट्टी. भुललो. पारख हे त्या खेळात शिकावं लागणारं कौशल्य आहे, वस्तू तपासत गेलं की ते वाढतं. माझं तेव्हा जेमतेम होतं, म्हणून आलेलं उत्तरही मोघम होतं. मोघम उत्तराचा अर्थ मी सोयीने 'चांगली असणार' असा घेतला. जवळचे सगळे क्रोनार (हे तिथलं एक नाणं) मोजून दिले. पुढे खेळातल्याच व्यापारी संघातल्या एका खेळाडूने तीच तलवार पारखून दिली. पारखीत ही मंडळी मुरलेली असतात. कापण्याचा मार नुसता 'फेअर', तोल त्याहून वाईट. खरं तर मला हे कळायला हवं होतं. झिजलेल्या गेजने मोजलेलं माप धरायचं नाही, हे मी किती ट्रेनींना ओरडून शिकवलं असेल. मापं २० अंश सेल्सिअसला घ्यायची असतात, म्हणून मे महिन्याच्या ठाण्यात स्टँडर्ड रूमचा (मोजमापाच्या खोलीचा) एसी बंद पडला की तपासणी थांबवणारा माणूस मी, आणि घरी बसून वेलबुट्टीला फसलो.

आणखी एक गोष्ट उशिरा उमगली. सगळ्यात जड शेरा असलेलं हत्यार आपल्यासाठी सगळ्यात चांगलं, असं नसतं. माझं पात्र चपळ आहे, पण अंगाने काटकुळं. त्याच्या हातात 'सिव्हिअर' ठेचणारा घण दिला तर त्याची निम्मी शक्ती तो वाहण्यातच जाते. त्याला हलकी, तोलाची तलवारच बरी, मग मार एक पायरी कमी का असेना. बिडाला वापरायचं ड्रिल अ‍ॅल्युमिनियमला तसंच लावत नाहीत. आधी जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं ती वस्तू, बघतात.

नातू नववीत आहे. शनिवारी येतो तेव्हा शेजारी बसून दोन तलवारींचे शेरे मला मोठ्याने वाचून दाखवतो आणि कुठली घ्यावी यावरून माझ्याशी वाद घालतो. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघतं. परवा म्हणाला, "आजोबा, माझ्या प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक' लिहिलंय, ते कितव्या पायरीवर येतं?" मी विषय बदलला.

आमच्या टूलरूममध्ये नापास मालाला लाल चिठ्ठी लागायची. पण चिठ्ठीवर कुठलं माप, किती निघालं, कशाने मोजलं हे लिहावंच लागे. ते न लिहिता आलेली चिठ्ठी आमचे साहेब फाडून टाकत. आपल्या लेखकाने यातला एक तरी गेम तासभर खेळून पाहिला का, हे लेखात कुठेच नाही. पैशांच्या अ‍ॅपबद्दल ते म्हणतात ते मला मान्य आहे. आमच्याच चाळीतला एक मुलगा त्यात बुडाला. म्हणून तर दोन्ही एकत्र नापास करू नका म्हणतो.

लेखकमहाशयांनी एखाद्या संध्याकाळी आमच्याकडे यावं, चहा होईल. मी दोन तलवारींचे शेरे समोर ठेवतो, कुठली घ्यायची ते त्यांनी सांगावं. डायरी मात्र बघायला मिळणार नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम तपासनीस
पाचपाखाडी, ठाणे (प.)