एकटीला ओढता येईल तीच होडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. मे 2025 मध्ये नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून पृथ्वीला वळसा घालून गोव्यात परतल्या. तेव्हापासून माझ्या जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की हटकून विचारतात, "बाई, आपली स्वतःची शिडाची होडी घ्यायची तर कुठली घ्यायची?" दोघी-तिघी आता कमावत्या आहेत आणि खरोखरच पैसे साठवताहेत. आपल्या वाचकांतही अशा मुली असतील, निवृत्तीनंतर होडी घ्यायचं मनात असलेली माणसंही असतील. म्हणून हे पत्र.

मी 57 वर्षांची आहे, वजन 52 किलो. गाडीमागे ट्रेलर लावून होडी जयगडच्या खाडीवर नेते, तवसाळच्या बाजूनं उतरवते आणि एकटीच फिरवते. होडी निवडताना सगळे शीड, वेग आणि रंग बघतात. मी आधी विचारते, ती पाण्यातून वर कोण काढणार?

माझी पहिली होडी एंटरप्राइज होती. 13 फुटी, दोन माणसांची, गुणी. तिचा नुसता सांगाडा 94 किलोचा, वर डोलकाठी, शिडं, सुकाणू आणि आत साचलेलं पाणी. उतरवताना उतार आपल्या बाजूनं असतो, त्यामुळे वजन कळतच नाही. वर घेताना गावातली चार मुलं हात लावायची. एका शिमग्याला, पौर्णिमेच्या दिवशी, मी बाराच्या भरतीला निघाले आणि तीनला परतले. मुलं पालखीबरोबर गेली होती. उधाणाचं पाणी झपाट्यानं उतरत होतं. मी दोरी धरून ओढत राहिले, होडी वीतभरही हलली नाही. तासाभरात ती चिखलात बसली. पाणी तिच्यापर्यंत परत आलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. टॉर्च घेऊन शेजारी बसले असताना ठरवलं, ही होडी विकायची. ती वाईट नव्हती, पण ती दोघांची होती आणि मी एकटी.

नंतर जुनी लेझर घेतली. हल्ली तिला इल्का म्हणतात. लांबी 4.23 मीटर, सांगाडा 59 किलो. हातगाडीवर ठेवली की उतारावरून मी एकटी, मध्ये दोनदा थांबून, वर आणते. डोलकाठीचे दोन तुकडे एकात एक बसतात, तिला ताणाच्या तारा लागत नाहीत. शिडाची बाही काठीवर चढवायची आणि काठी खाचेत उभी करायची. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे याच सांगाड्याला तीन मापांची शिडं चालतात: 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटर. बदलायचा तो काठीचा खालचा भाग. आपली शिडाच्या होड्यांची खेळाडू नेत्रा कुमानन टोकियो ऑलिम्पिकला मधल्या शिडावर गेली. माझ्या वजनाला सर्वांत लहान शीड पुरतं.

विकत घेण्याआधी छातीएवढ्या पाण्यात ती मुद्दाम तीनदा उलटी करून पाहिली. तळातून खाली येणाऱ्या फळीवर उभं राहून, काठ धरून मागे रेललं की ती उठते का, हे स्वतःच्या वजनानं तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन सांगाड्यांची होबी 16 दिसायला देखणी, पण 145 किलोची. ती पालथी झाली तर माझ्यासारख्या हलक्या बाईला एकटीनं सरळ करता येत नाही. केबिनवाल्या अठरा-वीस फुटी होडीबद्दलही विचारणा होते. तिचं वजन काही शे किलो, काठी उभी करायलाच दुसरा माणूस हवा. लेझरमध्ये गुडघे दुखतात आणि कपडे ओले होतात, हे खरं आहे. ज्यांना कोरडं बसायचं आहे त्यांनी दुसरी घ्यावी, पण आधी वजन विचारावं.

ट्रेलरबद्दल एक सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावरून आल्यावर चाकांच्या बेअरिंग तापलेल्या असतात. त्या तशाच खाऱ्या पाण्यात घातल्या की आतली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. गंज तिथूनच सुरू होतो. ट्रेलर कोरड्या जागी ठेवावा, पाण्यात हातगाडीच न्यावी. आणि काठी उभी करण्याआधी वर बघावं. ती अॅल्युमिनियमची असते आणि आपल्याकडे धक्क्यांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात.

दिवस निवडायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. नेमकी वेळ कोष्टकात बघावी. षष्ठी ते अष्टमी हे माझे दिवस. भांगाचं पाणी, ओढ कमी, आणि दुपारी समुद्राकडून वारा आत येतो. काही मोडलं तर वारा आणि भरती दोन्ही मला खाडीत आत ढकलतात. सकाळी मतलई वाऱ्यावर एकट्यानं निघू नये, तो बाहेर नेतो. जाकीट घालावं, फेरीबोटीवरच्या माणसांना सांगून जावं. पाण्यात पडलं तरी शिडाची दोरी हातातून सोडू नये. सुटलेली होडी वाऱ्यानं वाहत जाते आणि पोहून तिला गाठता येत नाही. मेअखेर ते नारळी पौर्णिमा माझी होडी पडवीत असते.

आता मागणी. आपल्याकडे बहुतेक धक्के उभ्या भिंतीचे किंवा पायऱ्यांचे आहेत. जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला इथे फेरीबोटींसाठी उतार आहेत, पण बोट लागली की तिथे होडी थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. सागरी मंडळाला माझी विनंती आहे की अशा उतारांची दुरुस्ती किंवा नवं बांधकाम निघेल तेव्हा कडेला अडीच मीटर रुंदीची वेगळी पट्टी ठेवावी. लेझरची रुंदी दीड मीटरहून कमी आहे, तेवढी पुरेल. पट्टी भांगाच्या ओहोटीच्या पाण्यापर्यंत खाली न्यावी, शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून सिमेंटला आडव्या खाचा ठेवाव्यात, आणि वरच्या टोकाला दोरी-कप्पी अडकवायला एक लोखंडी कडी पुरावी. पाती, म्हणजे छोट्या होड्या, ओढणाऱ्या कोळी बायकांनाही ती उपयोगी पडेल.

माप घ्यायला कोणी अधिकारी येणार असतील तर हातगाडीसकट होडी मी तवसाळला आणून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. गुहागर, जि. रत्नागिरी