ऑफिसची बार्बेक्यू पार्टी आणि निखारे

संपादक महोदय,

परदेशातल्या ऑफिस बार्बेक्यूविषयी लिहिणारे शिष्टाचारावरच अडतात, निखाऱ्यांकडे कुणी बघत नाही. कोळशावर राखाडी थर चढायला 20 ते 30 मिनिटं लागतात. त्याआधी घाई केली की मांस वरून करपतं, आत कच्चं राहतं. निखारे एका बाजूला ओढावेत. जाड तुकडे दुसऱ्या बाजूला झाकण ठेवून शिजवावेत. चिकन आतून 74 अंश सेल्सिअस, खिम्याची टिक्की 71. रंगावर जाऊ नये, थर्मामीटर खुपसावा. कच्च्या मांसाचा चिमटा शिजलेल्याला लावू नये. शाकाहाऱ्यांनी वेगळी जाळी किंवा फॉइल आधीच मागावं, त्यात संकोच कसला! आणि पाऊस आला तरी शेगडी आत ओढू नये. विझत आलेला कोळसाही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतो.

– एक वाचक