टाकळीचा शंख

नागपूर
रविवार, उपासनेनंतर

चि. अमोल यास पप्पांचे आशीर्वाद.

परवा फोनवर मी मध्येच गप्प झालो, तेव्हा तू आईला विचारलंस, पप्पा रागावले का. रागावलो नव्हतो. ग्रेसी म्हणाली, "आजोबा, नोहाच्या तारवात डायनोसॉरची पिल्लं पण होती, आम्ही व्हिडिओ पाहिला," आणि सात वर्षांच्या नातीला फोनवर काय सांगावं ते मला सुचेना. मग तू फोन घेतलास. उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चच्या मंडळीतल्या लोकांबरोबर अलाबामातल्या केंट होविंडच्या डायनोसॉर पार्कात जाणार आहात, संडे स्कूलच्या मुलांना त्याची भाषणं क्रमानं दाखवणार आहेस, हे सांगितलंस. आणि शेवटी म्हणालास, "पप्पा, तो माणूस विश्वासापायी तुरुंगात गेला."

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितोय. फोनवर नीट बोलता येत नाही, आपण दोघंही एकमेकांचं तोडतो.

या अमेरिकन उपदेशकाचा, केंट होविंडचा, आवाज मी तुझ्या आधीपासून ओळखतो. तू प्राथमिक शाळेत असताना आपल्या मंडळीतल्या एका घरी अमेरिकेहून व्हिडिओ कॅसेट आल्या होत्या. वाटेल तितक्या प्रती काढा आणि वाटा, असं तो स्वतःच सांगायचा, म्हणून त्या इतक्या दूर पोचल्या. आम्ही सात-आठ जणांनी बसून दोन कॅसेट पाहिल्या. माणूस बोलतो विलक्षण. भराभर चित्रं, मध्ये हशा, आणि प्रत्येक अवघड प्रश्नाला एका वाक्यात उत्तर. पृथ्वी सहा हजार वर्षांची, डायनोसॉर माणसांबरोबर राहत होते, अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन ही दरी बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयाचं पाणी ओसरताना कोरली गेली. त्या रात्री मंडळी किती आनंदात घरी गेली ते मला आठवतं. आपल्या पोरांना कॉलेजात कुणी काही विचारलं तर आता उत्तर आहे, असं सगळ्यांना वाटलं. त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. आपण इथं मूठभर आहोत, आणि मूठभर माणसांना धीर हवा असतो.

त्याचं चरित्र तुला ठाऊक असेलच, तरी मला दिसतं तसं सांगतो. जन्म १९५३चा, इलिनॉयमधल्या पिओरियाचा. सोळाव्या वर्षी, १९६९ साली, त्याचा नवा जन्म झाला असं तो सांगतो, आणि त्यावर शंका घेणारा मी कोण? मिशिगनमधल्या एका बॅप्टिस्ट कॉलेजातून धर्मशिक्षणाची पदवी घेतली, खाजगी ख्रिस्ती शाळांतून शिकवलं, पुढे फ्लोरिडात पेन्साकोलाला सेवाकार्य उभं केलं. २००१ साली तिथंच घराच्या आवारात डायनोसॉर पार्क काढलं.

आता त्याच्या नावामागच्या 'डॉक्टर'बद्दल. १९९१ साली कोलोरॅडोतल्या पेट्रियट युनिव्हर्सिटी नावाच्या संस्थेनं त्याला डॉक्टरेट दिली. या संस्थेला अधिकृत मान्यता नव्हती आणि शिक्षण पत्रानं व्हायचं. त्याचा प्रबंध कित्येक वर्षं लोकांना पाहायलाच मिळाला नाही. २००९मध्ये तो बाहेर आला. शंभरेक पानांचा तो प्रबंध 'हॅलो, माझं नाव केंट होविंड' अशा वाक्यानं सुरू होतो. मी तो वाचला. वाचताना मला माझा भूविज्ञानाचा प्रबंध आठवला. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. बाहेरच्या एका परीक्षकानं माझा प्रबंध परत पाठवला होता: छिंदवाड्याकडचे ज्याला तुम्ही दोन लाव्हाप्रवाह म्हणता ते एकच असावेत, पुन्हा जाऊन पाहा. मी आठ दिवस जेवलो नाही नीट. आईला विचार. मग एप्रिलच्या उन्हात एसटीनं पुन्हा तिकडे गेलो, नाले पायी तुडवले, आणि पाहिलं तर तो परीक्षक बरोबर होता. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही, पण आजही प्रार्थनेत त्याची आठवण काढतो. त्याच्यामुळे माझ्या हातून चाळीस वर्षं मुलांना एक खोटी गोष्ट शिकवली जायची राहिली.

होविंडच्या आयुष्यात असा माणूस कुठे आहे, हे मी शोधत राहिलो. त्याचं अडीच लाख डॉलरचं बक्षीस घे. उत्क्रांती सिद्ध करून दाखवा आणि पैसे न्या, असं तो वर्षानुवर्षं मंचावरून सांगत होता. पण अटी वाचल्यास तर सिद्ध काय करायचं? काळ, अवकाश, पदार्थ, तारे, जीव हे सगळं देवाशिवाय आपोआप झालं आणि दुसरा कुठलाच मार्ग शक्य नाही, हे. जीवशास्त्राचा कुठलाही अभ्यासक असा दावा करत नाही. आणि पुरावा तपासणारी समिती तो स्वतः नेमणार होता, तिच्यातली नावं सांगणार नव्हता. अमोल, तू कंपनीत टेंडर काढतोस. असं टेंडर तुझ्यापुढे आलं तर तू त्यावर सही करशील का?

त्याच्या विरोधात नास्तिकच आहेत असं तुला वाटत असेल, तर हे बघ. केन हॅमची 'आन्सर्स इन जेनेसिस' ही संस्था पृथ्वी सहा हजार वर्षांचीच मानते. त्यांनी २००२ साली आपल्याच लोकांसाठी एक यादी काढली: हे युक्तिवाद टिकत नाहीत, कृपा करून वापरू नका. डार्विननं मरताना सगळं मागे घेतलं, ही गोष्ट त्यात होती. चंद्रावर धूळ कमी म्हणून त्याचं वय कमी, हा हिशेब होता. टेक्ससमधल्या पॅलक्सी नदीच्या खडकात डायनोसॉरच्या पावलांशेजारी उमटलेली म्हणे माणसाची पावलं, तीही होती. होविंडनं त्या यादीवर आक्षेप घेतले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांना पुन्हा सविस्तर लिहून त्याचे मुद्दे खोडावे लागले. मला त्या लोकांचं भूविज्ञान पटत नाही. पण स्वतःच्या बाजूची चूक त्यांनी चारचौघांत सांगितली, याचा मान त्यांना द्यायला हवा.

आणि तुरुंग. तो विश्वासापायी तुरुंगात गेला नाही रे. २००६च्या नोव्हेंबरमध्ये पेन्साकोलाच्या ज्यूरीनं त्याला ५८ आरोपांत दोषी ठरवलं. पार्कात आणि कचेरीत राबणाऱ्या माणसांच्या पगारातला कर कापून सरकारला भरायचा असतो, तो भरला नाही, याचे १२ आरोप. ती माणसं नोकर नाहीत, मिशनरी आहेत आणि सगळी मालमत्ता देवाची आहे, असं त्याचं म्हणणं होतं. पुढचे ४५ आरोप बँकेतून पैसे काढण्याचे. तिकडे दहा हजार डॉलरच्या वर रोख काढली की बँकेला सरकारला कळवावं लागतं. ते टाळायला त्यानं त्याहून कमी रक्कम पुन्हा पुन्हा काढली, मिळून ४,३०,५०० डॉलर. शेवटचा आरोप कर अधिकाऱ्यांच्या कामात अडथळा आणल्याचा. जानेवारी २००७ला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याची पत्नीही दोषी ठरली, तिला एक वर्ष आणि एक दिवस. शिक्षा फार होती असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मलाही दहा वर्षं जड वाटतात. २०१५ साली सुटायच्या तोंडावर त्याच्यावर पुन्हा खटला भरला, त्यात बहुतेक आरोपांवर ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि ज्या एकावर दोषी धरलं तेही न्यायाधीशांनी नंतर रद्द केलं. हेही तुला सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी लिहिलं असं होईल. पण पहिल्या ५८मधला एकही आरोप उपदेश केल्याचा नव्हता. कैसराचं, म्हणजे राजाचं, कैसराला देण्याबद्दल प्रभूनं काय सांगितलं, ते तू पाचव्या वर्षी आजीला तोंडपाठ म्हणून दाखवायचास.

तुझ्या आजीनं तुला स्टीफन हिस्लॉप यांची गोष्टही सांगितली होती, पण ती इथल्या हिस्लॉप कॉलेजच्या नावापुरती. मला ती पुरी सांगायची आहे. स्कॉटलंडचा हा मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. शाळा काढली, मराठी शिकला, गोंडांच्या वस्त्यांत हिंडला, आणि जिथं जाईल तिथं खडक फोडून पाहायचा. १८५१ साली तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळ टाकळीच्या बाजूला दोन लाव्हांच्या मधल्या थरात जीवाश्म सापडले: शंख, बिया, फळं. त्यानं काय केलं? पेट्या भरल्या आणि इंग्लंडला जाणकारांकडे पाठवल्या. मंगळी गावच्या तांबड्या खडकातली एका उभयचराची कवटी रिचर्ड ओवेन यांनी तपासली आणि तिला ब्रॅकिऑप्स नाव दिलं. १८५५ साली हिस्लॉप-हंटर यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. रविवारी उपदेश, सोमवारी हातोडा. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. पंचेचाळीस वर्षांचा होता.

त्या मधल्या थराचा अर्थ सांगतो, कारण माझी सगळी बाजू त्याच्यावर उभी आहे. लाव्हा वाहिला, थंड झाला, त्याच्या पाठीवर खळगे राहिले. खळग्यांत पावसाचं पाणी साठून तळी झाली. तळ्यांत गोगलगायी जन्मल्या, वाढल्या, मेल्या, पुन्हा जन्मल्या. काठाला झाडं आली, त्यांना फळं धरली. तळाशी गाळ बसत गेला. मग पुन्हा लाव्हा आला आणि हे सगळं झाकून टाकलं. असं पुन्हा पुन्हा झालं. आपल्या दख्खनच्या खडकांचं वय सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास येतं, पण तो आकडा बाजूला ठेव. वर्षभराच्या एका जलप्रलयात, उकळत्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये, गोड्या पाण्याचं शांत तळं पिढ्यान् पिढ्या कसं राहील? हा प्रश्न मी होविंडच्या कॅसेटला विचारला असता, तर हशा आला असता आणि पुढचं चित्र आलं असतं.

आणि आता जे सांगायला मी इतका वेळ लावला ते. तू नऊ वर्षांचा होतास. टाकळीकडे कुणाच्या तरी विहिरीचं काम निघालं होतं, चर्चचे पाळकसाहेब, आजी, तू आणि मी गेलो होतो. दगडांच्या ढिगातून तुला शंख सापडला, बोराएवढा, पांढुरका. तू विचारलंस, "पप्पा, हा नोहाच्या पुरातला का?" पाळकसाहेब म्हणाले, "हो तर," आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो." त्याच सकाळी बीएस्सीच्या वर्गात मी टाकळीचा थर शिकवून आलो होतो.

पाळकसाहेबांना दुखवायचं नव्हतं. आजीसमोर वाद नको होता. मंडळीत आपलं नाव निघू नये असंही मनात होतं, ते लपवत नाही. नंतर सांगू म्हणालो आणि सांगितलंच नाही. सोमवार ते शनिवारचा खडक वेगळा आणि रविवारचा वेगळा, अशी माझी वागणूक तू घरात बघत मोठा झालास. मग कुणीतरी येऊन, मोठ्या आवाजात, न अडखळता, दोन्ही खडक एकच आहेत म्हणाला, तर तू त्याच्याकडे जाशील नाहीतर काय करशील? तुझ्याशी खरं बोलायची वेळ माझी होती आणि मी ती घालवली. मला क्षमा कर.

बायबलमधल्या 'उत्पत्ती'चा पहिला अध्याय मी अजूनही दर नव्या वर्षी मोठ्यानं वाचतो. प्रारंभी देवाने, इथं आलो की आजही आवाज बदलतो माझा. सहा हजारांचा आकडा त्या अध्यायात नाही. वंशावळीतली वर्षं जोडून तो माणसांनी काढला. आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी १६५०मध्ये ख्रिस्तपूर्व ४००४ हे साल धरलं, मोठ्या कष्टानं आणि प्रामाणिकपणे. तो हिशेब चुकला म्हणून माझा देव लहान झाला नाही.

मागणं दोनच. संडे स्कूलच्या मुलांना ती भाषणं दाखवू नकोस. ती दुसऱ्यांची लेकरं आहेत, उद्या कॉलेजात एखाद्या मास्तरानं टाकळीचा थर दाखवला तर ती एका दिवसात तारवासकट प्रभूलाही सोडतील. माझ्या वर्गात असं होताना मी पाहिलंय, दोनदा. पार्कात जायचं की नाही ते तू आणि रीना ठरवा. गेलात तर ग्रेसीचे प्रश्न लिहून आण, माझ्यासाठी.

शंख माझ्या टेबलावर आहे, तू बारावीनंतर पुण्याला गेलास तेव्हा खणात सोडून गेला होतास. डिसेंबरात याल तेव्हा तो तिच्या हातावर ठेवणार आहे. तो कशातला हे मी आधी सांगणार नाही. बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे असतं, याचं डावीकडे आहे. ते तिनंच शोधावं. भिंग मी पुसून ठेवलंय.

तुझे,
पप्पा