मदरबोर्ड नव्हे, घड्याळाचा सेल!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय तसा किरकोळ आहे पण माझे साडेआठ हजार जाता जाता वाचले म्हणून लिहितोय. मी नौपाड्यात राहतो, घरूनच चार-पाच दुकानदारांची जीएसटीची कामं करतो. लॅपटॉप २०१६ सालचा, त्याची बॅटरी मागच्या वर्षी फुगली म्हणून काढून टाकली, नवीन घेतली नाही (कंजूषपणा म्हणा हवं तर), चार्जर लावला की चालतो, नाहीतर नाही. वर्षभर काही त्रास नव्हता.

मग एक दिवस सकाळी चालू केला तर काळ्या स्क्रीनवर मेसेज, तारीख-वेळ सेट नाही, एफ-वन दाबा. दाबलं. विंडोज आलं, कोपऱ्यात बघतो तर १ जानेवारी २०१५. हाताने तारीख दुरुस्त केली, दिवसभर ठीक, दुसऱ्या दिवशी परत २०१५. वेळ आपोआप जुळवायचं सेटिंग चालू होतं, वायफाय होतं, पण फरक दोन-चार मिनिटांचा असेल तर ते जुळवतं, इतक्या वर्षांचा फरक बघून तेही गप्पच बसायचं.

तारीख चुकली तर काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण १९ तारखेला संध्याकाळी ३बी (जीएसटीचं रिटर्न) भरायला बसलो तर एक साइट उघडेना. जीएसटी नाही, बँक नाही, सगळीकडे 'तुमचं घड्याळ मागे आहे'. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याचा दाखला) अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते आणि माझा लॅपटॉप २०१५ मध्ये बसलाय म्हटल्यावर त्याच्या दृष्टीने ही सर्टिफिकेटं अजून जन्मलीच नव्हती. वर एक्सेलमध्ये बिलावर आजची तारीख आपोआप येते, त्यामुळे एका गिऱ्हाइकाला १८ टक्के जीएसटी लावलेलं १ जानेवारी २०१५ चं बिल गेलं. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला!

२० तारीख गेल्यावर लॅपटॉप उचलून स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला, नाव लिहीत नाही. त्याने चालू केला, तारीख बघितली, मागचा एक स्क्रूही न काढता म्हणाला काका मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय, साडेआठ हजार, नाहीतर नवीनच घ्या. चेकिंगचे तीनशे घेतले ते वेगळे. काय तपासलं विचारलं तर 'आम्हाला कळतं'.

घरी आल्यावर बायको म्हणाली रोज रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करता ना, आज राहू दे. (वीज वाचवायची सवय, आईने लावलेली.) तारीख दुरुस्त करून बटण चालूच ठेवलं, आणि सकाळी तारीख-वेळ बिनचूक! पुढच्या रात्री बंद केलं, सकाळी परत २०१५. म्हणजे बोर्ड ठणठणीत होता, वीज तोडली की घड्याळ थांबत होतं एवढंच. त्यात क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आपल्या भिंतीवरच्या घड्याळातही तसलाच असतो, आणि लॅपटॉप बंद असताना त्याला चालवतो एक बटणाएवढा सेल. मोठी बॅटरी असली की तिचाही आधार मिळतो, माझी काढलेली, म्हणजे सगळा भार त्या जुन्या सेलवर आला आणि वर्षभरात तो बसला.

मग वर्तकनगरला एक ओळखीचा मुलगा रिपेअरिंग करतो त्याच्याकडे गेलो. त्याने मागचं झाकण काढलं, स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवले, कारण सगळे एकाच लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर मात्र खरंच बोर्ड जातो. पंख्याशेजारी पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सेल, त्याला लाल आणि काळी वायर, टोकाला इवलीशी पिन. मीटर लावला, तीन व्होल्ट हवेत तिथे एक पूर्णांक एक. सेल तोच सीआर२०३२, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, नंबरातच लिहिलंय सगळं. मी म्हटलं बाजारातला साधा सेल आणून वायर डाग देऊन जोड की, तर म्हणाला नाही काका, डाग देताना सेल तापून फुटू शकतो, वायरसकटच मिळतो. दीडशे रुपये. मजुरी घेईना, बळेच दिली.

सगळीकडे सेलच असेल असं नाही हं. काही नवीन लॅपटॉपमध्ये तो वेगळा नसतोच, मोठ्या बॅटरीवरच भागवतात. आणि मिनिटं बरोबर पण घड्याळ बरोब्बर साडेपाच तास पुढे-मागे असेल तर टाइमझोन बघा, किंवा एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स (दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही असतील तरी असं होतं, त्यात खर्च शून्य.

माझं म्हणणं एवढंच, दुकानदारांनी उघडून बघितल्याशिवाय मदरबोर्डचं नाव घेऊ नये, चेकिंगचे पैसे घेता तर काय मोजलं ते पावतीवर लिहा, आणि बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. तीनशे रुपयांत एवढं बसतं. त्या मुलाने न मागता जुना सेल पुडीत बांधून दिला, नातवाच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर आत भाजतं असंही बजावलं, तो सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या डब्यात टाकला.

२०१५ चं बिल बदलून दिलंय. गिऱ्हाईक म्हणतं, तेच ठेवा, तेव्हाच्या भावाने पैसे देतो.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)